दुसऱ्याच्या धनाचा कारभारी



"श्रीमंतांच्या पैशाची व्यवस्था पाहण्याची नोकरी ख्रिस्ती तरुणाने धरावी काय?" हा प्रश्न पूर्वी आपल्या मंडळ्यांत कोणी विचारला नसता. आपल्यात धनवान थोडे, आणि शिकलेल्या मुलांच्या वाटा ठरलेल्या होत्या: शाळा, दवाखाना, रेल्वे, पोस्ट, फार तर बँकेतील कारकुनी. आता तसे राहिले नाही. १९९६ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय प्रबंध संस्थेचा परिसर आमच्या राऊच्याच टेकडीवर आहे. २०११ पासून तेथे बारावी झालेल्या मुलांना पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही प्रवेश मिळतो. अशा संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे जी कामे येतात, त्यांत एक 'प्रायव्हेट वेल्थ मॅनेजमेंट' म्हणजे खासगी संपत्तीच्या व्यवस्थापनाचे आहे. पगाराचा आकडा ऐकून आईबापांच्या डोळ्यांत पाणी येते. मंडळीतील एखादे वडील मात्र मान हलवून म्हणतात, "देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही, हे प्रभूने सांगून ठेवले आहे." इतके बोलले की विषय संपला असे त्यांना वाटते.

मला ह्या दोन्ही उत्तरांनी समाधान होत नाही. पगार मोठा म्हणून काम चांगले ठरत नाही, आणि कामाच्या नावात धन आहे म्हणून ते धनाची पूजाही ठरत नाही. पंधरा हजारांच्या नोकरीत राहूनही मनुष्य धनाचा दास असू शकतो. म्हणून हे काम प्रत्यक्षात काय आहे ते आधी पाहू.

ज्याच्याजवळ गाठीला मोठी रक्कम आहे, त्याला ती कोठे ठेवावी, किती जोखीम घ्यावी, कर किती भरावा लागेल, मृत्यूनंतर मुलांत वाटणी कशी व्हावी, हे सांगणारा हा मनुष्य. बँका व मोठ्या कंपन्या त्याला 'रिलेशनशिप मॅनेजर' म्हणतात. हा व्यवहार लहान रकमेचा नव्हे. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'च्या २०२० च्या नियमांप्रमाणे पोर्टफोलिओ मॅनेजरकडे रक्कम सोपवायची तर ती किमान ५० लाख रुपये असावी लागते. आणखी गुंतागुंतीचे काही फंड आहेत, त्यांत बहुतेकांना एक कोटीच्या खाली प्रवेश नाही.

हे आकडे वाचून वाचकांच्या डोळ्यांपुढे इंदूरच्या सराफ्यातील शेठ उभा राहील. तो ह्या व्यवसायाचा ग्राहक आहेच. परंतु राऊमध्ये राहणाऱ्याला दुसराही ग्राहक दिसतो. राऊ हे एकेकाळी इंदूर व महू यांच्या मधले, भोवती बटाट्याची आणि गव्हाची शेते असलेले गाव. आग्रा-मुंबई रस्ता, पीथमपूरचे कारखाने आणि इंदूरची वाढ यांनी त्या शेतांच्या वसाहती केल्या. ज्याच्या बापाने बियाण्यासाठी कर्ज काढले, त्याच्या खात्यात एका सहीने कोटी-दीड कोटी रुपये जमा होतात. कोठे नवरा गेल्यावर विम्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे एकदम हाती आलेली बाई असते. ही माणसे कागदावर धनवान आहेत, पण त्या धनाचे काय करावे हे त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या दारात पहिल्याच आठवड्यात मोटारीचा विक्रेता, जमिनीचा दलाल आणि दूरचा भाचा हजर होतो. अशा घरात एक जाणता व प्रामाणिक मनुष्य जाऊन बसला, तर तो धनाची चाकरी करतो की शेजाऱ्याची, हे सांगणे इतके सोपे नाही.

शिवाय दुसऱ्याच्या धनाचा कारभार हा धंदा पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी काही स्त्रियांची नावे आहेत. त्या आपल्या मालमत्तेतून प्रभूची व शिष्यांची सेवा करीत होत्या. त्यांत योहान्ना आहे, आणि तिची ओळख तिच्या नवऱ्यावरून दिली आहे: हेरोदाचा कारभारी खुजा. शब्बाथशाळेत आपण हे नाव घाईने वाचून पुढे जातो. पण विचार करा, हेरोदासारख्या राजाच्या मालमत्तेचा हिशोब ठेवणाऱ्याच्या घरातून आलेले साहाय्य प्रभूने परत केले नाही. खुजाने नोकरी सोडली की धरून ठेवली, ह्याविषयी लूक काहीच बोलत नाही.

आपल्या मराठीतही ह्या कामाला जुने नाव आहे. पेशव्यांच्या खासगीचा कारभार पाहणाऱ्यांना खासगीवाले म्हणत, आणि पुढे ते आडनावच झाले. आम्हा इंदूरकरांना तर 'खासगी' हा शब्द परका नाही. १७३४ साली पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर मिळाली, आणि तेव्हापासून होळकरांकडे दौलत व खासगी असे दोन हिशोब वेगळे राहिले. देशभर अहिल्याबाईंनी बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा व मंदिरे ह्या खासगीच्या उत्पन्नातून झाली. राज्याच्या खजिन्यावर तो भार टाकला नाही, अशी त्यांची ख्याती आहे. आपला आणि त्यांचा धर्म वेगळा असला तरी ह्या गोष्टीपासून शिकण्यास हरकत नसावी. स्वतःच्या नावावर असलेला पैसाही एक प्रकारची सोपवलेली वस्तू आहे, असे त्या बाईंनी मानले. आणि सोपवलेल्या वस्तूचे पुढे काय होते हेही येथेच पाहायला मिळाले. त्या देवस्थानांसाठी १९६२ साली खासगी ट्रस्ट झाला. पुढे त्याच्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सार्वजनिक न्यासांचा कायदा ह्या ट्रस्टला लागू आहे. मिशनच्या जागांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्या आपण ह्यावर बोट दाखवण्याची घाई करू नये.

तेव्हा कारभारीपण हे मूळचे वाईट नाही. अडचण दुसरीकडे आहे. कारभाऱ्याला पगार कोण देतो?

वरवर पाहता हा मॅनेजर ग्राहकाचा सल्लागार असतो. पण अनेक ठिकाणी ग्राहक त्याला थेट काहीच देत नाही. "आमचा सल्ला मोफत आहे" असे हसून सांगतात. फुकटचा वैद्य कोणाचे औषध खपवतो ते पाहावे लागते. म्युच्युअल फंड विकला की फंडकंपनी विक्रेत्याला कमिशन देते, आणि पैसा फंडात राहील तोवर ते दरवर्षी चालू राहते. विमा विकला की विमाकंपनी देते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड विक्रेत्याला वगळून थेटही घेता येतो. थेट घेतला तर कमिशन वाचते. शेअर बाजाराच्या फंडांत हा फरक साधारण शेकडा अर्धा ते एक रुपया इतका असतो. शेकडा एक म्हणजे एक कोटीवर वर्षाला एक लाख रुपये. हे कमिशन बेकायदेशीर नाही, आणि ज्याने खरोखर मेहनत घेतली त्याला मजुरी मिळालीच पाहिजे. परंतु ज्या वस्तूवर कमिशन जास्त तीच ग्राहकाला योग्य वाटू लागते, आणि हे वाटणे इतके हळू येते की मनुष्याला आपण खोटे बोलतो आहोत हेही कळत नाही.

ह्याचा शेवट कोठे होतो त्याचे एक उदाहरण सार्वजनिक आहे. येस बँकेने काढलेले 'ए.टी.-वन' नावाचे रोखे मार्च २०२० मध्ये, बँकेला सावरण्याच्या वेळी, एका फटक्यात शून्य करण्यात आले. रक्कम ८,४१५ कोटी रुपये. हे रोखे मुळात मोठ्या संस्थांसाठी होते, कारण बँक बुडू लागली तर पहिला घाव त्यांच्यावर पडतो. पण ते सामान्य ठेवीदारांच्याही गळ्यात घातले गेले. एप्रिल २०२१ च्या आपल्या आदेशात सेबीने म्हटले की मुदतठेवीसारखे सुरक्षित असल्याचे भासवून हे रोखे बँकेच्या ग्राहकांना विकण्यात आले, आणि काहींनी तर मुदतठेवी मोडून ते घेतले. बँकेला २५ कोटी रुपये दंड झाला, आणि तिच्या खासगी संपत्ती व्यवस्थापन विभागातील तिघांना वेगळा. त्या आदेशाविरुद्ध अपील झाले. रोखे रद्द करण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्दबातल ठरवला, आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्याचा निकाल न्यायालये देतील. मला त्या विभागात काम करणाऱ्या, नाव कोठेही न छापलेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलांचा विचार येतो. त्यांना महिन्याचे टार्गेट होते. समोरच्या निवृत्त गृहस्थाला ते काका म्हणत असतील, त्यांच्या घरचा चहा घेत असतील. त्यांच्यापैकी किती जणांना कागदावरील बारीक अक्षर स्वतःला तरी समजले होते?

म्हणून ह्या मार्गाला लागू पाहणाऱ्या तरुणाने पहिला शोध हा करावा: ग्राहकाच्या हिताची गोष्ट सांगितली तर माझे उत्पन्न घटते काय? घटत असेल तर मी किती वर्षे ती गोष्ट सांगत राहीन? ग्राहकाकडून उघड फी घेऊन सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीचे २०१३ पासूनचे वेगळे नियम आहेत. अशा नोंदणीकृत सल्लागाराने ज्याच्याकडून फी घेतली त्याच्याच व्यवहारावर कमिशन घ्यायचे नाही. हा रस्ता अरुंद आहे, आणि त्यावर पैसा कमी व हळू येतो. मला विचाराल तर ख्रिस्ती तरुणाने तो शोधावा. विक्रेता व्हायचे असेल तर विक्रेता म्हणून दार ठोठवावे. सल्लागाराचा अंगरखा घालून विक्री करू नये.

इतक्यावर हा लेख थांबवता आला असता, पण एक कठीण प्रश्न राहतो. समजा मनुष्य पूर्ण प्रामाणिक आहे. धन्याचा एक पैसा इकडचा तिकडे करीत नाही. मग काम निर्दोष झाले काय?

येथे मी शब्बाथशाळेच्या शिक्षकांना योसेफाची आठवण देतो. योसेफाची गोष्ट आपण मुलांना फार आवडीने सांगतो: अंगरखा, खड्डा, पोटीफराचे घर, तुरुंग, फारोची स्वप्ने, भावांची भेट. पोटीफराने सर्व काही त्याच्या हाती दिले आणि त्याने विश्वासघात केला नाही. असा कारभारी दुसरा नाही. पण आपण बहुधा भावांच्या भेटीपाशी थांबतो. उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय मुलांना कोणी सांगत नाही. दुष्काळ वाढतो, लोक धान्यासाठी येतात. पहिल्याने त्यांचा पैसा संपतो, तो फारोच्या घरी जातो. मग गुरेढोरे जातात. मग जमिनी. शेवटी ते स्वतःला विकतात. योसेफ सर्व मिसर देशाची जमीन फारोसाठी विकत घेतो, आणि पुढे पिकाचा पाचवा हिस्सा फारोला द्यावा असा नियम घालून देतो. त्याने लोकांचे प्राण वाचवले हे खरे, आणि लोकांनी त्याबद्दल त्याचे आभार मानले हेही तेथेच लिहिले आहे. परंतु धन्याशी इतका प्रामाणिक राहिलेला हा पुरुष काम संपवतो तेव्हा एका मनुष्याच्या हाती सर्व काही आलेले असते आणि बाकीचे दास झालेले असतात. निर्गम उघडावे, तर फारोच्याच सत्तेखाली योसेफाचेच लोक विटा थापताना सापडतात.

शास्त्र योसेफाला ह्याबद्दल दोष देत नाही, आणि मी देणारा कोण? पण ह्या अध्यायावरून मला इतके दिसते की धन्याशी इमान राखले म्हणजे शेजाऱ्याशी हिशोब पुरा झाला असे नाही. संपत्तीचा व्यवस्थापक ज्या पैशाला वाढायला सांगतो, तो कोठेतरी जाऊन वाढतो. तो एखाद्या कारखान्यात जातो, जेथे माणसांना काम मिळते. किंवा गावाच्या कडेची उरलीसुरली जमीन घेऊन भाव चढण्याची वाट पाहत बसतो, आणि मग राऊमधील शिक्षकाला दोन खोल्यांचे घर घेता येत नाही. कर वाचवण्याच्या कायदेशीर सोयी सांगणे त्याचे कामच आहे. पण जो कर वाचला त्यातून जी सरकारी शाळा चालायची ती आपल्याच मुलांची असते. मजुरांची अडकवलेली मजुरी धनवानांविरुद्ध ओरडते असे याकोब लिहितो. त्या धनवानांचेही कोणी हिशोबनीस असतील. त्यांच्या वहीत ती मजुरी 'शिल्लक' ह्या रकान्यात नीटनेटकी लिहिलेली असेल.

ह्यावर आजचा तरुण एक चतुर उत्तर देतो. "मी भरपूर कमवीन आणि भरपूर देईन. शिक्षक होऊन मी मंडळीला जे देऊ शकलो असतो, त्याच्या दहापट देईन." ह्याच्या पाठीशी जॉन वेस्लीचे नावही सांगतात. वेस्लीचा पैशाच्या उपयोगाविषयीचा उपदेश १७६० सालचा. त्याचा आधार लूकच्या सोळाव्या अध्यायातील त्या कारभाऱ्याचाच दाखला आहे. मिळवावे, राखावे, आणि द्यावे, असा त्याचा त्रिविध बोध प्रसिद्ध आहे. पण बहुतेकांना मिळवण्याची आज्ञा आठवते, तिच्या अटी आठवत नाहीत. मिळवताना स्वतःच्या शरीराला व मनाला इजा होऊ नये. शेजाऱ्याच्या मालमत्तेला, शरीराला, आत्म्याला इजा होऊ नये, असे वेस्ली सविस्तर सांगतो. शेजाऱ्याचे नुकसान करून मिळवलेले द्यायला आणले तर ते दान त्याच्या हिशोबात बसत नाही. आणि तो स्वतः कसा वागला? ऑक्सफर्डला असताना वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा २८ पौंडांत राहून त्याने दोन दिले. प्राप्ती ६० झाली, तरी खर्च २८. पुढे ९०, पुढे १२०, तरीही खर्च २८ च. जो तरुण "पुढे देईन" म्हणतो त्याने आपला २८ चा आकडा आजच कागदावर लिहावा. नोकरी लागल्यावर तो लिहिता येत नाही, कारण भोवतालचे सगळे रोज त्या आकड्यावर हसत असतात.

आणि ह्याच ठिकाणी मला ह्या व्यवसायातील सर्वांत मोठी उणीव दिसते. ह्या धंद्याला 'पुरे' हा शब्द ठाऊक नाही. ज्याने कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला त्या मूर्ख धनवानाला त्याच रात्री बोलावणे आले. त्याला व्यवस्थापक असता, तर त्याने कोठाराचे नकाशे आणून दिले असते. पण उलटही होऊ शकते. पौल तीमथ्याला धनवानांना मंडळीतून घालवून द्यायला सांगत नाही. चंचल धनावर आशा ठेवू नका, उदार व्हा, असे त्यांना निक्षून सांगायला सांगतो. हे कोणी सांगावे? पाळकाला श्रीमंत मनुष्य आपला आकडा कधी सांगत नाही. बायकोलाही कित्येकदा सांगत नाही. तो सांगतो ह्या व्यवस्थापकाला. "साहेब, तुमच्या म्हातारपणाला, मुलींच्या शिक्षणाला, दुखण्याला लागेल तितके होऊन चुकले, आता उरलेल्याचे काय करायचे?" हा प्रश्न जगात ज्याला विचारता येतो असा बहुधा तो एकटाच.

आमच्या मंडळीतील एका तरुणाला ह्या वर्षी अशी नोकरी देऊ करण्यात आली आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला हो किंवा नको म्हटले नाही. कंपनीला दोन गोष्टी विचारून घे म्हटले. तुझा बोनस कशावर ठरतो, आणि ग्राहकाला "हे घेऊ नका" म्हणालास तर महिनाअखेर काय होते. त्याने विचारले. पहिल्याचे उत्तर आले की ते रुजू झाल्यावर समजेल. दुसऱ्यावर समोरचे गृहस्थ हसले. "काका," तो मला म्हणाला, "ते वाईट माणूस वाटले नाहीत. त्यांना प्रश्नच नवा वाटला." एका लहान सल्लागार कार्यालयातही त्याने अर्ज केला आहे, तेथे फी उघड आहे आणि पगार निम्म्याहून कमी.

त्याच्या वडिलांनी उपासनेनंतर मला बाजूला घेतले. ते रागावले नव्हते. "तुमचे सगळे पटते," ते म्हणाले, "पण शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली." ह्या वाक्याला योसेफ, खुजा किंवा वेस्ली यांच्यापैकी कोणाचेही नाव घेऊन उत्तर देता येत नाही. आपण व्यासपीठावरून तरुणांना अरुंद वाट दाखवतो आणि कर्ज मात्र त्यांनी एकट्याने फेडावे अशी अपेक्षा करतो. आपल्या मंडळीचा एक शिक्षणनिधी बऱ्याच वर्षांपासून मुदतठेवीत पडून आहे. व्याजाची भर पडते, दरवर्षी वार्षिक सभेत आकडा वाचला जातो, आणि सगळे समाधानाने मान डोलावतात. कमी पगाराचे काम विचारपूर्वक पत्करणाऱ्या मुलाचे पहिल्या वर्षाचे हप्ते त्या निधीतून, बिनव्याजी, परतीच्या बोलीवर भरता येतील काय, असे पत्र मी कमिटीला दिले आहे. खजिनदारांनी नियमावली मागवली आहे. विषय पुढच्या महिन्याच्या सभेत घेतला जाणार आहे.